तपासणीचा तास

"आतून कडी लाव. खोकलायचं बी न्हाई," आप्पासाहेब वस्ताद दारातून म्हणाले आणि अंगणात बाजेवर जाऊन बसले.

सविताने कडी लावली. वस्तादांनी काल दुपारी तिला आणि थोरल्या दिशाला, दोघी मायलेकींना कोल्हारच्या घरातून उचललं, जीपमध्ये घातलं आणि थेट कर्जतकडं, आपल्या मेव्हण्याच्या वस्तीवर आणून टाकलं.

कुस्तीच्या जागतिक महासंघाची माणसं दिशाची लघवी तपासायला येणार, अशी कुणकुण त्यांना लागली होती. पैलवानानं रोजचा एक तास आणि ठिकाण मोबाईलवर कळवून ठेवायचं, हा महासंघाचा नियम. त्या तासाला त्यांची माणसं कधीही येऊन टपकतात. दिशाचा तास सकाळी सातचा. ठिकाण कोल्हार.

"कुलूप बघून जातील माघारी," वस्ताद जीपमध्ये म्हणाले होते. "एकदा चुकली तर खपतं. सापडली तर पोरगी जन्माची घरी बसंल. ताकदीच्या सुया मी दिल्या, पर नाव तिचं जाईल." आणि वर हसून म्हणाले, "धाकटीला बी धाडा आता तालमीत. पुढच्या महिन्यापासनं सृष्टीला बी चालू करू."

वस्तादापुढं बोलायची कुणाची छाती? दिशाचा आवाज घोगरा झाला, ओठावर लव आली, पाच महिने पोरगी बाजूला बसली नाही. वस्ताद म्हणाले, ताकद वाढली की असंच होतं. घरादारानं माना डोलावल्या. सवितानंही.

दिशा जीपमध्ये सगळी वाट बसून होती, मोबाईलमध्ये डोकं घालून.

आता ती भिंतीला टेकून बसली होती. पहाटेपासून तांब्यामागून तांब्या पाणी पीत होती. भीतीनं घशाला कोरड पडली असणार लेकराच्या.

"मागल्या दारानं जाऊन ये की गं," सविता कुजबुजली. "उठल्यापासनं गेली न्हाईस."

"नको."

"भ्या वाटतंय?"

"लई," दिशा म्हणाली. मांड्या आवळून ती दाराकडं बघत होती.

तेवढ्यात गाडी आली. गाडीचं दार आपटलं.

"दिशा इथंच आहे ना?" बाईचा आवाज. शहरी, शांत.

"कोन दिशा? हितं कुनी पोरगी न्हाई, बाई." वस्तादांचा आवाज चिरकला. तसा तो सवितानं कधीच ऐकला नव्हता.

तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि लेकीला घट्ट कवटाळलं. देवा, जाऊ दे ही गाडी. एवढी एक वेळ जाऊ दे.

"आमच्याकडं ठिकाण हेच आहे," बाई म्हणाली.

"ह्ये? ह्ये कुनी दिलं?"

दिशानं आईची मिठी सोडवली. उठली. कडीला हात घातला.

"सरक, आई. पहाटेपासनं दाबून धरलीया."