सावळीत दम नाही

शेवटच्या वळणावर सगळ्यांच्या माना पुढच्या तिघांकडे वळल्या. काकांची दुर्बीण मात्र मागेच रेंगाळली होती, सावळीवर.

हंगामातली ही पहिलीच शर्यत, तीही आयुष्यात कधी न पळालेल्या कोवळ्या घोड्यांची. सावळी सुटतानाच बिचकली. लोकांचा गलका ऐकून तिने कान पाडले, दोन ढांगा आडव्या टाकल्या आणि सगळ्यांच्या मागे पडली. पण शेवटच्या सरळ पट्ट्यात तिचे कान उभे राहिले, आणि पोरगी अशी काही सुटली की काकांना दुर्बीण डोळ्यांवरून काढवेना. जॉकीने चाबूक उगारलासुद्धा नव्हता. आली पाचवी. पण आणखी थोडी वाट मिळती, तर पुढच्या चौघांना तिने धूळ चारली असती.

हे कुणाच्या लक्षात आलं नाही. लोक पहिल्या नंबराचं कौतुक करण्यात दंग होते.

काका या तबेल्याचे पारखी. पहिल्या शर्यतीत नंबर बघायचा नाही, शर्यत संपल्यावरचं घोडं बघायचं, हा त्यांचा खाक्या. दम खायला घोडी गोल फिरवतात तिथे कठड्याला टेकून ते उभे राहायचे. श्वास किती लवकर बसतो, पाणी कसं पितं, मान कुठे असते, एवढं पाहिलं की निकाल सांगून मोकळे. त्यांचा शब्द कधी खोटा ठरला नव्हता. बायको चिडवायची, "माणसांची एवढी पारख असती तर माझ्या भावाच्या नादी लागून ती गळकी मोटार घेतली असतीत का?"

आता चिडवणारी गेली होती. मुलगी परदेशात, तिचा रविवारी फोन, तोही नातवंडांच्या गोंगाटात. उरलेला आठवडा घर नुसतं खायला उठायचं. गुडघ्यांनीही हात टेकले होते, म्हणून हा त्यांचा शेवटचा निकाल. उद्यापासून तबेल्यात येणं बंद.

आणि सावळी. बायको गेल्यानंतर काका पहिल्यांदा तबेल्यात आले, तेव्हा काय बोलावं ते न कळून सगळ्यांनी नजर चुकवली होती. या एवढ्याशा शिंगराने मात्र येऊन त्यांच्या खांद्यावर मान टाकली. त्या दिवसापासून म्हाताऱ्याचा जीव जडला तो जडलाच.

चांगल्या ठरलेल्या घोड्यांची रवानगी दूरच्या मोठ्या मैदानावर व्हायची. नापास झालेलं घोडं मागेल त्याला देऊन टाकायचं, ही तबेल्याची जुनी रीत. काकांच्या परसात मोटारीची शेड रिकामी पडली होती. गेला महिनाभर त्यांना त्या शेडचीच स्वप्नं पडत होती.

मालक आला. हातात नवा कोरा निळा दोर होता. हा मालक लहानपणी काकांचं बोट धरून याच कठड्याशी उभा राहिला होता, घोडं कसं बघायचं ते त्यांच्याकडूनच शिकला होता. त्याने सावळीच्या छातीला हात लावून पाहिला आणि मग काकांकडे वळला.

"काका, एक बोलायचं होतं तुमच्याशी. पण आधी निकाल होऊन जाऊ दे."

"पहिल्या आलेल्याला फार नाचवू नकोस," काका म्हणाले. "होतं नव्हतं ते सगळं देऊन बसलाय. बघ, अजून भाता चालतोय त्याचा. त्या पांढऱ्या कपाळाच्याला पाठव. पाणी बघ किती शांतपणे पितोय."

"आणि सावळी?"

सावळी समोरच उभी होती. श्वास बसलेला, कान ताठ. जणू पळालीच नव्हती. असं घोडं काकांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.

त्यांनी नजर कठड्याकडे वळवली. "सावळीत दम नाही."

मालकाने पुन्हा एकदा सावळीकडे पाहिलं. "नक्की?"

"मी सांगतोय ना."

"बरं. तुमचा शब्द." मालकाने हातातला दोर उगाचच दोनदा गुंडाळला.

"कुणी नेणार नसेल तर माझ्याकडे दे," काका म्हणाले. "परस रिकामंच आहे."

"देतो की." मालक जाऊ लागला.

"तू काहीतरी बोलणार होतास ना?"

"आता राहू दे, काका," तो म्हणाला.

संध्याकाळी गाडी दारात आली. गाडीवाल्याने फळी लावली, सावळी टपटप उतरली आणि थेट काकांच्या खांद्यावर मान टाकून उभी राहिली. काकांचे डोळे भरून आले. पण मघापासून छातीत रुतलेलं काही हलेना. सगळ्यांनी डोळे मिटून विश्वास ठेवावा असा त्यांचा शब्द. तो त्यांनी शेवटच्या दिवशी मातीत घातला होता. शिवाय या पोरीचं सगळं पळणं त्या शेडमध्ये कोंडलं होतं. तिच्या गळ्यातला निळा दोर त्यांच्या हाताला लागला. मालकाच्या हातातला तोच.

त्यांनी तिच्या कपाळावरून हात फिरवला. पुन्हा एकदा फिरवला.

"चढव हिला परत," ते गाडीवाल्याला म्हणाले. "मालकाला सांग, काका खोटं बोलले. अशी घोडी पुन्हा व्हायची नाही म्हणावं. उद्या मोठ्या मैदानावर पाठव तिला."

गाडीवाला जागचा हलला नाही. डोकं खाजवत म्हणाला, "नाही नेता यायची, काका. मालकांनी सकाळीच, शर्यतीच्या आधी बजावलंय. काका चांगली म्हणू देत नाहीतर वाईट, आजपासून सावळी त्यांची."