दोरीचे चौकोन

"खुंटी अजून खोल ठोक गं भामा, नाहीतर चौकोन हलतो!" एकनाथ सर तळ्याच्या काठावरून ओरडले.

भामाने दगड घेऊन खुंटी ठोकली. चार खुंट्या, भोवती दोरी, आत जे उगवलं असेल ते मोजायचं. मागच्या रविवारी खडकाळ टेकडी झाली, आज हैदराबादबाहेरचं हे तळं. बी.एस्सी.ची सगळी पोरं चिखलात उतरली होती.

शेळ्या घेऊन आलेली एक म्हातारी दोरीकडे बघत थांबली. मग रस्त्यावरच्या जीपकडे बघून तिने भामाला विचारलं,

"सरकारी मोजणी है क्या अम्मा? जमीन जाती क्या हमारी?"

"नक्को डरो, घास गिनने आये," अविनाश म्हणाला आणि पोरं खो खो हसली. म्हातारी काही हसली नाही.

सर म्हणाले, "आजकाल जो उठतो तो प्लॉट पाडतोय. इथली झाडं-पाखरं नीट नोंदवा, कलेक्टरांकडे जाऊ. तळं बुजवू द्यायचं नाही."

भामाने ते मनावरच घेतलं. तिला त्या तळ्याचा लळाच लागला होता.

नारायणगुड्याला घरी तिचे बाबा, हणमंतराव, वाट बघत असायचे. आधी "गवत मोजायला कॉलेज कशाला हवं?" म्हणणारा माणूस! आता जीप त्यांचीच, ड्रायव्हरसकट. जेवताना खोदून खोदून विचारायचे. पाणी कुठवर चढतं? खडक कुठे लागतो? भामा ताटात बोटाने तळं काढून दाखवायची. बाबांना आपलं शिकणं पटलं, या आनंदात तिला दोन घास जास्त जायचे.

"वाचेल ना हो तळं, बाबा?"

"एवढी राबतेस, वाया कसं जाईल? बघ, तुझं नाव राहील तिथं."

परीक्षा संपल्यावर ती पुन्हा गेली, तर अर्ध्या तळ्यात मुरूम पडलेला. मुरमावर चुन्याचे चौकोन आखले होते, तिच्या चौकोनांहून कितीतरी मोठे.

म्हातारी बोचकं घेऊन निघाली होती.

"बेच दिये अम्मा. एक साब आको बोले, सरकारी खुंटे लग गये, अब बेचो, नै तो कुछ नै मिलता."

"कौन साब?"

म्हातारीने काठी नव्या पाटीकडे केली.

पाटीवरचा रंग अजून ओला होता. 'भामानगर'.