करडं कार्ड

नंदाबाईंनी नऊ वेळा फोन केला, तेव्हा त्यांचा जावई ढग सरायची वाट पाहत होता. क्वांगचा फोन बंद होता. दिग्दर्शक म्हणून त्याचा हा पहिलाच सिनेमा, आणि शूटिंगवर सगळ्यांनी फोन बंद ठेवायचे हा नियम त्यानेच घातलेला. दुपारी जेवायला थांबल्यावर त्याने फोन सुरू केला. त्याची बायको पद्मिनी क्युपर्टिनोत ऑफिसच्या पार्किंगमध्ये कोसळली होती. डोक्यातली शीर फुटली. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

चौथ्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, "तेराव्याला फोटो लागेल रे. मोठा, नुसत्या चेहऱ्याचा. आहे ना?"

क्वांगच्या माणसांतही रीत तीच होती. हॉलमधल्या फळीवर त्याच्या आईवडिलांचे फोटो होते, पुढे उदबत्ती आणि संत्री. व्हिएतनाम सोडून आलेल्या त्या दोघांनी साठी उलटल्यावर आपापले फोटो हौसेने काढून घेतले होते. मागे राहणाऱ्यांची धावपळ नको म्हणून. ते क्वांगनेच काढले होते.

त्याने घर धुंडाळलं. लग्नाचा फोटो होता, पण त्यात मुंडावळ्या बांधलेली बारा वर्षांपूर्वीची मुलगी होती. ऑफिसचा बॅज होता, टपालाच्या तिकिटाएवढा. बाकीचे फोटो पद्मिनीनेच काढलेले. त्यात सगळे होते, ती नव्हती.

"कॅमेऱ्यावाल्याची बायको," सासूबाई म्हणाल्या, "आणि तिचा एक धड फोटो नाही?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.

दर दिवाळीला पद्मिनी साडी नेसून त्याच्यापुढे उभी राहायची. "माझा एक सिंगल फोटो काढ ना, यार."

क्वांग खिडकीकडे बघायचा. "आज लाइट बरोबर नाही. नीट काढू."

"तुझा लाइट येईपर्यंत मी म्हातारी होईन."

"मग म्हातारीचा काढू."

ती हसायची आणि फराळाचं ताट वाढायला जायची.

सहाव्या दिवशी त्याला करडं कार्ड आठवलं.

दोन हजार एक साली तो सॅन होजेत लग्नं शूट करायचा. त्यातच त्याला कॅमेरामन म्हणून पहिला छोटा सिनेमा मिळाला. रीळ सुरू होताना कॅमेऱ्यापुढे काही सेकंद एक करडं कार्ड धरतात. त्यावरून लॅबमध्ये रंग जुळवतात. क्वांगने कार्ड धरलं होतं, तरी पहिली प्रिंट आली ती सावळे चेहरे राखेसारखे करून. तेव्हापासून कार्ड पद्मिनीच्या हातात गेलं. "हिचा रंग बरोबर आला की सगळ्यांचा येतो," तो लॅबला सांगायचा. ती शनिवार-रविवारी यायची. कधी ऑफिसच्या आधी, ओल्या केसांनी यायची. पहिल्याच दिवशी त्याने तिला शिकवलं होतं, "हात लांब कर. कार्डाची सावली तोंडावर पडते." मग तो टेप घेऊन कॅमेऱ्यापासून कार्डापर्यंतचं अंतर मोजायचा आणि कॅमेरा सुरू करायचा.

अशी सात वर्षं गेली. पाच सिनेमे झाले. क्वांगच्या सिनेमात माणसांची कातडी जिवंत दिसते, असं लोक म्हणू लागले. त्याच जोरावर त्याला दिग्दर्शन मिळालं. पद्मिनीचा तुकडा मात्र कुठल्याच सिनेमात नव्हता. तो कापून टाकायचाच असतो.

त्याने लॅबमध्ये राजीवला फोन केला. रंगाचं काम राजीव बघायचा.

"फेकले नाहीत मी," राजीव म्हणाला. "तिचं तोंड बघूनच आमचं काम सुरू व्हायचं. सगळे तुकडे जोडून ठेवलेत. अकरा मिनिटं होतात. ये तू."

क्वांग गाडी काढून लॉस एंजेलिसला गेला. राजीवने अंधार केला. पडद्यावर पद्मिनी आली. एका तुकड्यात तिला सर्दी झाली होती. एकात वारा होता आणि केस तोंडावर येत होते. एकात ती काहीतरी बोलून हसत होती. आवाज नव्हता. कॅमेऱ्याकडे ती बघतच नव्हती. ती कॅमेऱ्याच्या शेजारी बघत होती. तिथे क्वांग उभा असायचा.

त्याने सगळं पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा तो पडद्याजवळ जाऊन उभा राहिला.

शेवटी क्वांगने हसणारी पद्मिनी निवडली. राजीवने ती मोठी करून दिली.

बाराव्या दिवशी त्याने फोटो सासूबाईंच्या हातात ठेवला. त्या खिडकीपाशी जाऊन बसल्या.

"रंग अगदी तिचा आहे," त्या म्हणाल्या. "शाळेतून उन्हातनं यायची ना, तेव्हा अश्शी दिसायची."

मग त्यांनी चष्मा काढला. ओढणीच्या टोकाने पुसला, डोळ्यांवर चढवला, फोटो जवळ धरला. थोडा लांब धरला. पुन्हा चष्मा काढला आणि काचा नीट चोळून पुसायला लागल्या.

"आई," क्वांग म्हणाला, "चष्मा स्वच्छ आहे."

त्यांचे हात थांबले.

फोटोत तिच्या हातातल्या कार्डावर सिनेमाचं नाव होतं, तारीख होती, खाली क्वांगचं नाव होतं. त्यातलं बारीकातलं बारीक अक्षर वाचता येत होतं. टेप कार्डापर्यंतच मोजलेला होता, फोकसही तिथेच होता. हातभर मागे पद्मिनीचा चेहरा होता, आणि तो धूसर होता. त्या अकरा मिनिटांत एकदाही तो स्पष्ट नव्हता.

दुसऱ्या दिवशी हार त्याच फोटोला घातला.

पद्मिनीचा फोटो काढायचा राहिला.