शेवटचे पदनाम

मिरजेच्या सेवायोजन केंद्रात कुमुदिनी कोरे यांनी अर्जातला पदनामाचा रकाना तिसऱ्यांदा पुसला. ‘यंत्रप्रशिक्षक’ लिहिले, तर पुढच्या आठवड्यात नोकरी निश्चित होती. रुग्णालयाच्या बालविभागातल्या यंत्रांना शुश्रूषा शिकवायची होती. ‘परिचारिका’ लिहिले, की संगणकाचा पडदा सांगत होता, ‘हे पद आता मानवी पदांच्या यादीत नाही. अर्ज बाद होईल.’

सोबत आलेल्या शमशाद सिस्टर अजून त्याच बालविभागात काम करत होत्या.

“लिही प्रशिक्षक. मला घरी बसवणारच आहेत, तर निदान ओळखीच्या माणसानं बसवावं,” त्या म्हणाल्या.

कुमुदिनीबाई हसल्या नाहीत. बावीस वर्षे त्यांनी तिथेच परिचारिका म्हणून रुग्ण सांभाळले होते. त्यातली शेवटची चार वर्षे हातमोज्यांतल्या तारांनी यंत्रांसाठी त्यांची प्रत्येक हालचाल टिपून घेतली होती.

तेवढ्यात अर्जदारांच्या आरोग्य तपासणीचे यंत्र रक्त घ्यायला आले. सुई उचलण्याआधी त्याने आपले तळवे एकमेकांवर चोळले. ते तळवे तर मुळातच उबदार बनवलेले होते.

“हात का चोळलेस?” कुमुदिनीबाईंनी विचारले.

“तशी पद्धत आहे. तिकडे बघा हं, मुंगी चावल्यासारखं होईल.”

शमशाद सिस्टरांनी चमकून मैत्रिणीकडे पाहिले. हे वाक्य त्यांनी वॉर्डात तिच्याच तोंडून रोज ऐकले होते.

“कुणी शिकवली ही पद्धत?”

“नावाची नोंद नाही.”

हातावर कापूस दाबून धरत कुमुदिनीबाई पडद्याकडे वळल्या, ‘परिचारिका’ लिहिले आणि अर्ज पाठवून दिला.

“अगं, बाद होईल तो.”

“होऊ दे. बाद झालेल्या अर्जांची नावासकट नोंद ठेवतात.”