इंग की एड

मुलाखतीच्या खोलीबाहेरच्या बाकावर दोघी सख्ख्या बहिणी बसल्या होत्या. दोघी नर्स, एकाच वॉर्डातल्या. परदेशातल्या हॉस्पिटलची जागा मात्र एकच होती.

धाकटीचं इंग्रजी कच्चं. ओठांतल्या ओठांत पुटपुटता पुटपुटता ती थांबली.

"ताई, या कामाची मला फार उत्सुकता आहे, असं म्हणायचंय. आय अ‍ॅम एक्सायटिंग की एक्सायटेड?"

थोरलीला हे झोपेतही सांगता आलं असतं. टोचते ती सुई 'इंग', टोचून घेतो तो पेशंट 'एड', अशी खूण तिनं स्वतःच बसवली होती. सुई धरायलाही धाकटीला तिनंच शिकवलं होतं. तरी पेशंट म्हणायचे, "त्या लहान सिस्टरना बोलवा, त्यांनी दिलेलं कळतसुद्धा नाही." ते ऐकलं की थोरलीच्या पोटात दुखायचं. हसून 'बोलावते हं' म्हणताना तर जास्तच.

"एक्सायटिंग," ती म्हणाली.

"नक्की ना?"

"मी कधी तुला चुकीचं सांगितलंय?"

धाकटी आत गेली. जरा वेळानं आतून हशा ऐकू आला. थोरलीनं पर्स उगाचच उघडली, मिटली. तिला बरं वाटलं, पण ते बरं वाटणं काही टिकेना.

धाकटी बाहेर आली तेव्हा तिचे कान लालभडक झाले होते.

"गेली माझी जागा. सगळे हसले गं! मॅडम म्हणाल्या, हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"मग?" थोरलीनं विचारलं.

"म्हटलं, ताईनं बरोबरच सांगितलं होतं, मीच आत येईपर्यंत उलटं करून टाकलं." धाकटीनं आवाज खाली आणला. "आता तुझा नंबर ना. माझ्यापायी तुझं नाव कशाला खराब?"

दार उघडलं. थोरलीला हाक आली.

धाकटीनं तिची कॉलर सरळ केली. "जा. घाबरू नकोस, तुला सगळं येतं."

आत तिघे जण टेबलामागे बसले होते. मॅडमनी खुर्ची दाखवली. "बसा. स्वतःबद्दल सांगा."

थोरली उभीच राहिली.

"आधी माझ्या बहिणीला परत आत बोलवा," ती म्हणाली.