डोक्यावरचा जोड

चपला कुठेच नव्हत्या. सुलक्षणाने खाटेखाली पाहिलं, मोरीत पाहिलं, शेजाऱ्यांच्या दारातही डोकावून आली. तिचा बाप गुणाजी भिंतीला टेकून शांतपणे सुपारी कातरत होता. चपला तांदळाच्या डब्यात होत्या. रुक्मिणीला कळतं, तर तिने त्या डब्यात नवऱ्यालाच कोंबला असता.

घाटकोपर स्टेशनावरून मोर्चा निघायचा होता. गावाकडे विहिरीवर पाणी भरलं म्हणून आपल्या माणसांना झोडपलं होतं, त्याच्या निषेधाचा. गुणाजीचं म्हणणं एकच. पोरीने बीए व्हावं, मान खाली घालून नोकरी करावी, मोर्चाच्या वाटेला जाऊ नये. मान वर करणाऱ्याचं काय होतं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. आता चपलांवाचून जाते कुठे, या खुशीत त्याने सुपारी तोंडात टाकली.

पोरगी अनवाणीच गेली.

तो गॅलरीत धावला. त्र्याहत्तरचा मे महिना, डांबर नुसतं भाजत होतं, आणि सुलक्षणा त्यावरून टुणटुण उड्या मारत चालली होती. बघणारी पोरं हसत होती. गुणाजी मात्र हसला नाही. नवव्या वर्षी तोही असाच चालला होता. त्याचा बाप अख्ख्या गावाच्या वहाणा शिवायचा. एकदा हौसेने लेकालाही जोड शिवला. तो घालून गुणाजी खोताच्या अंगणापुढून गेला. चांभाराच्या पोराची ही मिजास बघून खोताने वहाणा काढायला लावल्या, त्याच्याच डोक्यावर ठेवल्या आणि भर दुपारी त्याला गावभर फिरवलं. ही गोष्ट त्याने घरात कोणाला सांगितली नव्हती. खोत कधीच मेला होता, मग आज पोरीच्या चपला काढल्या कोणी? गुणाजीला स्वतःची लाज वाटली.

त्याने डबा पालथा केला. तांदूळ घरभर झाले, रुक्मिणीने त्याच्या सात पिढ्या काढल्या, तोवर हा जिना उतरलाही होता. मोर्चात मुंगीला वाट नव्हती. चपला निसटू नयेत म्हणून त्याने त्या डोक्यावर धरल्या आणि ‘सुले, सुले’ करत घुसला. लोकांना वाटलं, नवा कार्यक्रम आहे. पुढच्याने एक चप्पल काढून डोक्यावर घेतली, मागच्यानेही घेतली, आणि बघता बघता सगळा मोर्चा चपला मिरवत लंगडीने निघाला. हे कुठल्या कलमात बसवावं ते बंदोबस्तावरच्या हवालदाराला कळेना. गुणाजीचं हसून हसून पोट दुखायला लागलं.

सुलक्षणा सापडली ती थेट पहिल्या रांगेत. बापाला बघून ती घोषणाच विसरली.

‘‘बाबा, तू? आणि चपला डोक्यावर कशाला घेतल्यास?’’

‘‘पयल्यांदा खोतानं ठेवल्या होत्या,’’ तांदळाचे दाणे झटकून चपला तिच्या पायांशी ठेवत गुणाजी म्हणाला. ‘‘आज माझा मीच घेतल्या. चल, घाल पायात. आपल्याला लांब जायचंय.’’