रॉकेलचा वास

नवऱ्याची बदली झाली, तशी तेजश्रीनं दौंडच्या एका गोदामातली खोली सामानासाठी भाड्यानं घेतली. "रॉकेल, काडेपेटी काय न्हाई ना, ताई?" राखणदार आबांनी विचारलं. "मी काय अडाणी आहे का, आबा?" ती हसली. रेशनचं रॉकेल टाकवेना, म्हणून तिनं कॅन बाळाच्या दुपट्यांत गुंडाळून ट्रंकेत दडवला होता. पण वास सुटलाच. आबांची नजर शेजारच्या खोलीत सामान लावणाऱ्या खुर्शिदचाचींच्या स्टोव्हवर गेली. "सोडा गाठोडी! तुमच्यापायी समद्यांचा संसार जाळायचा का?" "कोरडा हाय स्टो," म्हणत चाचींनी चारचौघांत आतले कपडेसुद्धा झटकून दाखवले. बोलायचं होतं, पण तेजश्री बाळाचं टोपडं नीट करत राहिली. गाठ बांधता बांधता चाचींनी तिच्या कडेवरच्या बाळाकडं पाहिलं. "बाई, लेकराला भाईर ने. वासानं त्याला तरास हुईल." मान वर न करता तेजश्री खरंच बाहेर गेली.